ह्यांची हिरवी पट्टी

३ मार्च
ह्यांचा 'इंजिनीअरिंगसाठी प्राथमिक फिजिक्स' हा ऑनलाइन कोर्स अर्धवट राहून गेला. कारखान्यात फिटर होते, सुपरवायझर व्हायचं होतं. त्यांच्या अकाउंटवर किती धडे झाले ते दाखवणारी हिरवी पट्टी तिसऱ्या धड्यापर्यंत आलीय. पुढचं मी पुरं करणार. महिनाअखेर परीक्षा. सर्टिफिकेटवर त्यांचं नाव येईल. ह्यांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी त्यासाठी खिळा मारून ठेवला.

४ मार्च
लेक म्हणाली, आई, पहिल्या धड्यापासून सुरू कर. कशाला? तीन धडे आमच्या घरात झालेत. संसारात कधी तुझं-माझं केलं नाही, आता फिजिक्समध्ये करू?

९ मार्च
चौथा धडा. बल. सर सारखे व्हेक्टर-व्हेक्टर करतात. तो तिसऱ्यात होऊन गेला असणार. पट्टी सरकली. डोकं अजून शाबूत आहे.

१४ मार्च
घर्षण. हे तर रोज भांडी घासताना करते. गणितं सोडवली नाहीत. तत्त्व कळल्यावर आकडेमोड हे कारकुनी काम.

१९ मार्च
शेजारीण म्हणाली, या वयात कशाला डोक्याला ताप? तिला गुरुत्वाकर्षण समजावलं. गॅसवर दूध आहे म्हणून लगबगीने उठली. तिच्याकडे तर चहासुद्धा बिनदुधाचा.

२६ मार्च
पट्टी टोकाला! लेकीला फोन करून फ्रेम आणायला सांगितली.

३० मार्च
परीक्षा दिली. शंभरात अकरा. पेपरच वाकडा काढला होता. चॅटवर सरांना तसं कळवलं. ते म्हणाले, बाई, पाया कच्चा आहे, पहिले तीन धडे पाहिलेच नाहीत का? मी लिहिलं, ते मिस्टरांनी केलेत. ते म्हणाले, मग परीक्षाही त्यांनाच द्यायला लावा.
लॅपटॉप मिटला. सरांना तरी काय माहीत.

१ एप्रिल
परीक्षा पुन्हा द्यायची तर कोर्स पहिल्यापासून. पट्टी सगळी पुसली जाणार, ह्यांचे तीन धडेसुद्धा. दुपारभर बटणापाशी बसून राहिले. लेक म्हणाली, अगं, बाबा व्हिडिओ लावून घोरत असायचे. मला काय सांगतेस! ह्यांच्या नाकावरचा चष्मा मीच उतरवून ठेवायचे.
दाबलं बटण. पट्टी पांढरीफटक.
पहिला धडा लावला. आता एकही शब्द सोडायचा नाही. सर मात्र फारच संथ बोलतात.
जाग आली तेव्हा धडा संपला होता. पट्टी जराशी हिरवी झाली होती. चष्मा नाकावर तसाच होता.