आरशाची चौकट आणि माझं नाक

३ मार्च, सोमवार
आजपासून नाकाचा फवारा. डॉक्टरबाई म्हणाल्या, गवताला फुलोरा यायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करायचा, शिंका सुरू झाल्यावर नव्हे. रोज सकाळी, दोन्ही नाकपुड्यांत, मान किंचित खाली घालून. गेल्या वर्षी मी मान वर करून मारत होतो. सगळं औषध घशात!

४ मार्च
नाटकगृहाच्या मोठ्या आरशाची चौकट आमच्या कार्यशाळेत दुरुस्तीला आली आहे. पूर्ण सोन्याच्या वर्खाने मढवायची. मास्तर म्हणाले, "वरची कमान तुझी. चोवीस तारखेपासून. एकदा शिंकलास की माझी."
वर्ख फुंकरेनेसुद्धा उडतो. गेल्या वर्षी माझ्या एका शिंकेसरशी वर्खाची उघडी वही उडाली — अकरा पानं. त्यातली दोन पानं मास्तरांच्या मिशीला चिकटली. ते काही बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून मी लाकूड घासतोय. बोलले असते तर बरं झालं असतं.

७ मार्च
ठरवलेलं सगळं पाळतोय. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणे. कामावरून आलो की आधी अंघोळ, डोक्यावरून. बाहेरचे कपडे खोलीत नाहीत. धुणं घरातच वाळत घालायचं. सकाळी खिडकी बंद.
घरभर दोऱ्या झाल्या आहेत. ताई वाकून वाकून स्वयंपाकघरात जाते. म्हणाली, "माझ्या लग्नाला एवढी तयारी नव्हती, तेवढी तुझ्या नाकाला." मग माझी उशीची खोळ तिनेच गरम पाण्यातून काढून दिली.

१२ मार्च
मैदानाच्या कडेचं गवत वीतभर. फुलोरा नाही. रोज बघून येतो.
ताई म्हणते, "वैऱ्याच्या दारात जाऊन चौकशी कसली करतोस?" पटलं. उद्यापासून लांबच्या रस्त्याने.

१७ मार्च
डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी नाकपुड्यांच्या कडेला व्हॅसलीन लावायला सांगितलं. परागकण (फवाऱ्याच्या खोक्यावर बघून लिहिलं, ण बाणाचा) तिथेच चिकटतात, आत जात नाहीत. मी गालांपर्यंत लावलं. थोड्याने थोडं अडत असेल तर जास्तीने जास्त अडेल.

२० मार्च
आज अगदी रडकुंडीला आलो. जुन्या फळीवर सराव करत होतो. वर्ख उचलायचा चपटा ब्रश आधी गालावरून फिरवायचा — गालाला असतो तेवढाच तेलकटपणा त्याला पुरतो, वर्ख अलगद चिकटतो आणि लाकडावर टेकवला की सुटतो. माझा सुटेना. ब्रशवरच चुरगळला. सहा पानं अशी गेली. एकही शिंक नाही, तरी!
फळीवरचा चिकट लेप वाळला असेल म्हणून नवा लावला. तेच. मास्तरांनी त्याच वहीतलं पान त्याच फळीवर बसवलं. गप बसलं. मग ते माझ्याकडे बघत राहिले आणि एक बोट माझ्या गालावरून फिरवलं.
"हे काय? तोंडाची वात करून पेटवायची आहे का?"
सगळं सांगितलं. मास्तर इतके हसले की त्यांनीच वही मिटून ठेवली. म्हणाले, "डॉक्टरीण नाक म्हणाली ना? मग नाकच."
गाल साबणाने धुतला. सातवं पान बसलं.

२४ मार्च
कमान सुरू. नऊ पानं. शिंक नाही.

२५ मार्च
मैदानाला फुलोरा आला. ताईने येऊन सांगितलं, मी गेलो नव्हतो. चौदा पानं. शिंक नाही.

२६ मार्च
दुपारी नाक हुळहुळलं. पान ब्रशवर होतं. श्वास रोखून मनात सातचा पाढा म्हणायला लागलो. सात सत्ते एकोणपन्नासला हुळहुळ थांबली. मास्तर समोर बसून चहा पीत होते, कप तसाच हवेत. मी पान टेकवलं, मग त्यांनी घोट घेतला.

२८ मार्च
डोळे थोडे खाजतात. बाकी छान झोप, छान भूक. कमानीचं डावं टोक तेवढं राहिलं. दिवा लावल्यावर आख्खी खोली पिवळी दिसते.

२९ मार्च, शनिवार
कमान पूर्ण. मास्तर बोट न लावता एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बघत गेले. मग म्हणाले, "सोमवारपासून बागेचं फाटक. गजांवर लोखंडी भाले आहेत, सदतीस, त्यांच्या टोकांना वर्ख लावायचा. गुडघ्यांमुळे मी बाहेरची कामं सोडली होती. तू आहेस म्हणून घेतलं."
"मास्तर, तिथं गुडघाभर गवत आहे."
"असू दे. बाहेरच्या कामाचा वर्ख कागदाला चिकटवूनच येतो. उडत नाही. खुशाल शिंक."
हो म्हणालो. जिना उतरून रस्त्यावर आलो आणि लागोपाठ सहा शिंका दिल्या. कोणाचं काही उडालं नाही.