आधी मोरी बुजवा

अहो,

मी आईंना आणायला कालव्याकाठच्या त्यांच्या खोलीवर चालले आहे. तिथे पुराचं पाणी छपराला लागतं. आपल्याकडे निदान गच्ची तरी आहे. विचारलं असतं तर "ती यायची नाही" म्हणाला असतात, म्हणून ही चिठ्ठी. त्यांना घेतल्याशिवाय मी परतणार नाही.

संध्याकाळपर्यंत पाणी गल्लीत शिरेल, असं पालिकेची गाडी सांगून गेली. दारात वाळूची पोती रचायला शेजारचे काका येतील, पण त्याआधी मोरी बुजवा. मागच्या पुरात आई हेच कानीकपाळी ओरडत होत्या आणि तुम्ही "तुला काय कळतंय, गप्प बस" म्हणत दारच धरून बसलात. पाणी मोरीतूनच वर आलं. गाद्या वाळल्या, पण घर सोडून गेलेल्या आई परत आल्या नाहीत.

मातीची पिशवी मोरीच्या तोंडावर दाबून ठेवली आहे. तिच्यावर पिंप सरकवून काठोकाठ भरा. फ्रिज विटांवर चढवा आणि मेन स्विच बंद करा.

आईंना दारात पाहून अवघडलात, तर माफीबिफी मागत बसू नका. हाताला धरून सरळ मोरीपाशी न्या आणि एवढंच विचारा, "आई, नीट बुजलीय का, बघ गं."