गुडघा नेमका बसला

६ जानेवारी, मंगळवार
क्लासचा पहिला दिवस. मंगल कार्यालयाचा हॉल, सकाळी साडेसहा. चौदा कॉलेजच्या मुली आणि त्रेसष्ट वर्षांची मी. शिकवणारी शबाना, वय सव्वीस, राज्य पातळीवर खेळून आलेली. प्रकार चिनी, नाव सांडा. उभ्यानं ठोसे आणि लाथा. मुलींनी विचारलं, "मावशी, तुम्ही कशाला?" व्यायाम, म्हणाले.
खरं कारण फक्त इथं. महिन्यापूर्वी किल्ल्याच्या रस्त्याला मोटारसायकलवरच्या दोघांनी चेन मागितली. ओढली नाही, मागितली. मीच गळ्यातून काढून दिली. वर मीच म्हणाले, "सावकाश जा, बाळा." ग्रामीण रुग्णालयात चौतीस वर्षं सिस्टर होते, पिऊन आलेल्या नवऱ्यांना वॉर्डाबाहेर काढायचे. आणि बाळा!

१० जानेवारी, शनिवार
अंग ठणकतंय. लहानपणी कॉन्व्हेंटात नन्सनी काठी दाखवून पाठ ताठ करून दिली होती. शबाना म्हणते, "जरा वाका मॅडम, ताठ माणूस लवकर पडतो. आणि हात खाली नका सोडू, आशीर्वाद द्यायल्यात का?" मुली खिदळल्या. मीही हसले. फार दिवसांनी.

१५ जानेवारी, गुरुवार
आज गुडघा. "समोरचा वाकला की तुमचे पाय धरून पाडणार. स्पर्धेत गुडघा चालत नाही, रस्त्यावर चालतो. विचार करत बसायचं नाही." पॅडवर पन्नास वेळा. घरी येऊन ओट्यासमोरही. कुकर बघत होता.

१९ जानेवारी, सोमवार
स्टँडवर भूमच्या गाडीची वाट बघत होते. मागून एक माणूस झपाझप आला, पुढं होऊन एकदम वाकला. गुडघा. नेमका नाकावर. तो खालीच बसला. लोक धावले, पुढचं त्यांनीच पाहून घेतलं. विचार केला नाही. शबाना खूश होईल.

२० जानेवारी, मंगळवार
काल अर्धंच लिहिलं.
तो दत्तू होता. पाया पडायला वाकला होता. त्याची बायको अडली होती तेव्हा डॉक्टर नव्हते, बाळंतपण मी केलं, मुलगी झाली. तेव्हापासून जिथं दिसेल तिथं पाया पडतो, बाजार असो, पेट्रोल पंप असो. मला ते आवडायचंही.
ओंजळीत रक्त धरून म्हणाला, "सिस्टरबाई, म्या दत्तू." मी ऐकलं. ओळखलं. पहिली थप्पड त्यानंतर पडली.
कुणीतरी विचारलं, "चेन वडत व्हता का मॅडम?"
मी म्हणाले, "मागून आला."
शब्द न् शब्द खरा. चार-पाच जणांनी मारलं त्याला. तो माझ्याकडं बघत राहिला, एक अक्षर बोलला नाही. गाडी लागली तशी चढून गेला.
का गप्प बसले? सगळे कौतुकानं बघत होते. एवढंच. दुसरं कारण शोधतेय, सापडत नाही.

२२ जाने., गुरु.
क्लासला टाळ्या. वाणी, दूधवाला, सगळ्यांना कळलंय. शेजारच्या काकू: "बरं झालं हाणला भडव्याला."
जेवण गेलं नाही.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदनानंतर सत्कार. नको म्हणाले होते, पण फार जोरात म्हणाले नव्हते. सांगायचं ठरवून गेले. शाल पडली, माइक हातात आला आणि मी म्हणाले, "प्रत्येक मुलीनं शिकलं पाहिजे." आवाज छान लागला होता.
शाल पिशवीतच आहे.

२७ जानेवारी, मंगळवार
क्लासनंतर शबानाला सगळं सांगितलं. आधी हसू फुटलं तिला, "या अल्ला, पाया पडणाऱ्याला?" मग माझं तोंड बघून थांबली. रागावेल वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "मग त्याचं नाक कुणी बघितलं, मॅडम? तुम्ही तर सिस्टर ना."
कुणी नाही. मी पर्स छातीशी धरून उभी होते.

२९ जानेवारी, गुरुवार
दत्तूच्या गावी गेले. ड्रेसिंगचं सामान घेतलं होतं, दहा दिवसांनी! बायकोला त्यानं सांगितलंय, गाडीवरून पडलो. ती म्हणाली, "आवं सिस्टरबाई, तुमी यांच्यासाठी आलाव?" आणि माझ्या पाया पडली. मुलीलाही पडायला लावलं. मी उभी राहिले. काय करणार होते?
नाक वाकडं जुळलंय. हात लावून पाहिलं. आता ते तसंच राहणार.
ती चहा ठेवायला आत गेली तेव्हा म्हणाले, "दत्तू, तिच्यासमोर सांगते सगळं."
"हितं नगा सांगू. गावातल्या एकानं बघितलंय मला मार खाताना. लोकं मारल्यालं ध्यानात ठिवत्यात, कशापायी ते न्हाय. पोरगी हाय घरात." मग म्हणाला, "सांगायचंच तर स्टँडवर सांगा. जिथं झालं तिथं."
"तू तेव्हाच का नाही बोललास?"
"तुमी बोलाल असं वाटलं."
चहा प्यायले. गोड होता.

३० जानेवारी, शुक्रवार
स्टँड. वही सोबत आहे, बाकावर बसून लिहितेय.
मारणारे कोण होते आठवत नाही. एक रिक्षावाला नक्की, त्याला सांगितलं. म्हणाला, "मी नव्हतोच मॅडम त्या दिवशी." होता. उसाचा रस विकणारी बाई म्हणाली, "आता कशाला? झालं ते झालं." चौकशीच्या खिडकीतल्या साहेबांनी सगळं पाहिलं होतं, म्हणून तिकडं गेले. मी म्हणाले, "तो माणूस चोर नव्हता."
आपोआप चार-दोन लोक जवळ आले. त्या दिवशीसारखेच.
"मग कोन व्हता?"
"माझ्या ओळखीचा."
"मग मारलं कशाला त्याला?"
तेवढ्यात कुर्डुवाडीची गाडी लागली, साहेब घोषणा करायला वळले, मी बाकावर येऊन बसले. लोक गेले नाहीत. उभे आहेत, माझ्याकडं बघतायत, मी काय लिहितेय म्हणून. आता उठते, सांगते