ज्योतीरामच्या मेंदूचं माप

कासारवाडी,
६ जानेवारी २०२५

ती. कुसुमताईस, ज्योतीरामचा सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे हातानं लिहितोय. बायपोलर असलेल्यांच्या मेंदूवर अभ्यास चाललाय, त्यात मीही नाव दिलंय. परवा एमआरआय झाला. आत नुसता खडखडाट, आमच्या कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपसारखा. मला तर झोपच लागली.

आता खरं सांगतो. दिव्याला आजाराचं पहिल्याच भेटीत सांगितलंय, तरी ती लग्नाला तयार आहे. मीच थांबलोय. चाकणला पार्ट तपासतो, मापात नसला की लाल टॅग. तसा माझ्या मेंदूचा फोटो येऊ दे. मापात निघाला तर हो म्हणेन, नाहीतर तिला मोकळं करीन. पोरीचं नुकसान नको. आईला एवढ्यात बोलू नकोस.

तुझाच,
ज्योती

लातूर,
११ जानेवारी

चि. ज्योतीरामास अनेक आशीर्वाद.

काय रे शहाण्या, पोरगी हो म्हणते आणि तू फोटोची वाट बघतोस? आपला पार्ट आपणच तपासायचा नाही, हा तुमच्या कंपनीचा नियम तूच मला सांगितलास ना? मग स्वतःला लाल टॅग लावणारा तू कोण? डॉक्टरांकडे जा, आणि जाताना दिव्याला घेऊन जा.

पत्रच का मागते, ठाऊक आहे ना? फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस. आजार चढला की तुझं अक्षर मोठं होतं, रेघेबाहेर धावतं. या खेपेला अक्षर बरं आहे, डोकं तेवढं फिरलंय. गोळ्या चुकवू नकोस. सोबत तिळाच्या वड्या आहेत, निम्म्या दिव्याच्या.

तुझी काळजी करणारी,
ताई

कासारवाडी,
२० जानेवारी

ती. ताईस सा. न.

वड्या पोचल्या. दोघं डॉक्टरांकडे गेलो. माझा फोटो ओके की रिजेक्ट, असं मी सरळच विचारलं. डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, हजारोंची सरासरी काढली तर आजार असलेल्यांच्या मेंदूचा वरचा थर काही ठिकाणी किंचित पातळ दिसतो. लिथियम घेणाऱ्यांत हा फरक कमी दिसतो. पण एकट्याच्या फोटोवरून आजारसुद्धा ठरत नाही, लग्न कुठलं ठरायला? माझं तोंडच उतरलं. एवढी वाट बघितली आणि मापच नाही!

मापात जरा चुकलेला पार्ट गिऱ्हाइकाला चालत असेल तर ते तसं लिहून देतं आणि माल ठेवून घेतं, हे दिव्याला मीच कधीतरी सांगितलेलं. पिंपळे गुरवच्या स्टॉपवर तिनं माझ्या खिशातला कोरा टॅग काढून त्यावर लिहिलं, “आहे तसा पसंत. परत करणार नाही.” खाली सही. मी तिथंच रडलो गं. हो म्हणून टाकलं.

साखरपुडा पुढच्या महिन्यात. आईला आता खुशाल सांग.

अक्षर मोठं आलंय ना? घाबरू नकोस. गोळ्या चालू आहेत, झोप नीट आहे, दिव्यानं सगळं विचारून घेतलंय. हा नुसता आनंद आहे, ताई.

माया आहे तशीच राहू दे,
ज्योती