रिकाम्या पट्ट्यावरचा आवाज

सोमवार, ३ मार्च

खात्याने आज पुन्हा ‘नाही’ म्हटलं! रेडिओलहरींचा अख्खा एक पट्टा वर्षानुवर्षं अडवून बसलेत. स्वतः वापरत नाहीत, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. बाहेर लोकांचे फोन गर्दीत गुदमरताहेत आणि यांचं मोकळं मैदान, फाटकाला कुलूप.

आमचं यंत्र मागतंय तरी काय? आधी ऐकेल. कुणी बोलत नसेल तर पट्टा वापरेल. मालक आला की बाजूला होईल. एवढी अक्कल माणसांना असती तर समित्या कशाला लागल्या असत्या! तीन वर्षं खपलेय मी त्याच्यावर. आमचे साहेब म्हणाले, “पट्टा रिकामा आहे हे सिद्ध करा. कुणी वापरताना सापडलं तर फाइल बंद.” म्हणजे मीही बंद.

बुधवार, ५ मार्च

कार्यालयाच्या गच्चीवर मोजणी लावली. दिवसभर चिडीचूप. मनातल्या मनात सत्काराला उत्तर देत होते — तेवढ्यात संध्याकाळी सात वाजता सिग्नल! बराच वेळ होता, मग गप्प.

गुरुवार, ६ मार्च

सातला पुन्हा. माझंच नशीब!

शुक्रवार, ७ मार्च

खात्याला विचारलं. ज्यांना साधी पोच द्यायला महिना लागतो, त्यांचं उत्तर त्याच दिवशी! “ते संदेश आमचेच. अत्यंत गोपनीय. अधिक विचारणा करू नये.” वर त्यांच्या अधिकाऱ्याने फोनवर सुनावलं, “मॅडम, ही जबाबदारीची कामं असतात. तुम्हाला नाही कळायची.”

सोमवार, १० मार्च

गोपनीय तर गोपनीय, निघतात कुठून ते तरी बघू! सातच्या सुमारास मोजणीची गाडी काढली. ड्रायव्हरकाका चालवताहेत, मी काटा बघतेय. काटा दाखवेल तिकडे वळायचं. पूल, बाजार, शाळेची भिंत — आणि गाडी थांबली ती आईबाबांच्या इमारतीखाली.

गाडीतला स्पीकर लावला. बाबांचा आवाज! पेपर वाचताहेत. आधी निधनवार्ता, मग अग्रलेख, मध्येमध्ये स्वतःची शेरेबाजी. “आपल्या बाईसाहेब गावाला लहरी वाटत फिरतात,” आईला सांगत होते, “घरी यायची तेवढी लहर येत नाही त्यांना.”

काका खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “अत्यंत गोपनीय आहे हो, मॅडम.”

मंगळवार, ११ मार्च

धाकट्या भावाला फोनवर झाप झाप झापलं. आईला नीट ऐकू येत नाही म्हणून बाबांना बिनतारी माइक आणि आईला तो आवाज ऐकवणारी, कानात घालायची डबी त्यानेच कुठूनशी आणली होती. “अगं ताई, आतल्या खोलीपर्यंत पोचत नव्हतं. म्हणून जरा ताकद वाढवली.” जरा! आमच्या गच्चीपर्यंत पोचतंय!

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगितलं तर खात्याची अब्रू जाईल — जाऊ दे की! — पण बाबांचा माइक जप्त होईल. परवाना कुठाय? गप्प बसले तर माझं यंत्र कपाटात. आणि बाबांना दिवसभरात दुसरं आहे काय? काय वाचायचं त्यावर सकाळीच लाल पेन्सिलीने खुणा करून ठेवतात. ते मी बंद करू? नाही जमायचं मला.

शुक्रवार, १४ मार्च

मिळाली! परवानगी मिळाली!

समितीला म्हटलं, पट्टा रिकामा नाही, मान्य. पण आमचं यंत्र मालकाला वाट देतं की नाही ते तरी बघा. वेळ मीच मागितली — संध्याकाळी सात. नियमही मीच लिहून नेला: जो ऐकतोय त्याच्या ऐकण्यात अडथळा येऊ नये; ऐकणारं कुणी नसेल तर पट्टा मोकळा समजावा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सात वाजले. बाबा सुरू झाले. यंत्राने तत्काळ पट्टा सोडला, दुसरा धरला. सिग्नल आहे की नाही एवढंच त्याला कळतं, शब्द कळत नाहीत — माझं नशीब! बाबा थांबल्यावर परत जागेवर. टाळ्या! खात्याचा अधिकारी तर गहिवरला. “आमच्या कामाचा किती मान राखलात!” मला हसू आवरेना. खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाले.

रविवार, १६ मार्च

घरी गेले. (लहर आली!) बाबा माइक धरून वाचत होते, आई समोर बसून मान हलवत होती. वाचन संपवून बाबा फिरायला गेले. म्हटलं, आईच्या डबीतला सेल बदलून टाकू. उघडली तर आत सेलच नाही!

खुणेनेच विचारलं, हे काय?

“कधीचाच काढलाय,” आई म्हणाली. “सेल घातला तरी आता काही ऐकू येत नाही गं. त्यांना बोलू नकोस हं. वाचताना किती खुशीत असतात!”

मला रडू आलं. तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली.

सोमवार, १७ मार्च

नियम माझाच. ऐकणारं कुणी नसेल तर पट्टा मोकळा. म्हणजे तो मोजणीच्या पहिल्या दिवसापासून रिकामाच होता.

सातला मोजणीच्या गाडीत जाऊन बसले. हेडफोन लावले. बाबांनी निधनवार्तांपासून सुरुवात केली.

आता नियमात बसतंय.