ईदनंतर ये

क्लातेन,
२० एप्रिल २०२२

प्रिय जात्मिको,

खुशाल असशील. तुझी रेत्नो आणि लेक किनानही बऱ्या असतील. इकडे आम्ही ठीक. रोजे चालू आहेत, उन्हाने जीव नकोसा झालाय आणि मागच्या नारळावर यंदा खारी मातल्या आहेत.

फोन न करता पत्र लिहितेय याचं नवल वाटून घेऊ नकोस. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग मी गप्प बसते.

तुझा निरोप मिळाला. दोन वर्षांनी सरकारने ईदला गावी जायची मोकळीक दिली, बूस्टर घेतलेल्यांना तर तपासणीही नको, तेव्हा तुम्ही तिघं जकार्ताहून गाडीने येताय. सगळ्या गावात हीच गडबड आहे. शेजारच्या तुगिमानकाकांनी मुलगे येणार म्हणून घराला रंग काढलाय. काकू मला म्हणाल्या, तुझाही भाऊ येतोय ना, मग तोंड का पाडलंयस? मी म्हटलं, रोज्यामुळे.

रोज्यामुळे नाही.

गेल्या ईदला बंदी होती. पण घरच्या आजारी माणसाला भेटायला जाणाऱ्यांना सूट होती. आई अंथरुणाला खिळलीय असा कागद मी सरपंचांच्या मागे लागून करून घेतला आणि तुला पाठवला. तू म्हणालास, "ताई, माझ्यामुळे आईला लागण झाली तर?" मला पटलं. अरे, नुसतं पटलं नाही, मी ते गावभर मिरवलं. लोकांची पोरं आडवाटेने, पोलिसांना चुकवून येत होती आणि मी सांगत सुटले होते, आमचा जात्मिको शहाणा आहे, आईच्या जिवाला जपतो.

ईदच्या सकाळी थोरल्यांपुढे टेकायचे ते गुडघे तू फोनसमोर टेकलेस, माफी मागितलीस. आईने पडद्यावर हात ठेवला, तुझ्या डोक्यावर ठेवावा तसा. दुसऱ्या दिवशी रेत्नोने फोटो टाकला. समुद्रकिनारा, पाय ठेवायला जागा नाही एवढी गर्दी, मधोमध तुम्ही तिघं, मास्क हनुवटीवर. मी फोन लपवणार होते, पण आईने मागून घेतला. बराच वेळ बघत राहिली. किनान उंच झालीय म्हणाली. मग मला विचारलं, "समुद्र त्यांना आपल्यापेक्षा जवळ पडतो का गं?"

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

जुलैत ती गेली. तेव्हा नियम मे महिन्यातल्या ईदपेक्षाही कडक होते, तरी दुसऱ्या दिवशी तू दारात उभा. म्हणजे येता येत होतं. मातीच्या दिवशी असलं बोलू नये म्हणून मी तोंड मिटून राहिले. पण तेव्हापासून डोक्यात तेवढंच बसलंय, काही केल्या निघत नाही.

आता तू कळवतोस, "यंदा आई नाही, तर तुझ्यापुढे गुडघे टेकतो." रीतीला धरून आहे. बाबा नाहीत, आई नाही, घरात थोरली मीच. आईच्या खुर्चीत मी बसायचं, तू खाली बसून झाल्यागेल्याची माफी मागायची आणि ईदची सकाळ म्हणून मी ती द्यायची. सगळे नातेवाईक बघत असताना नाही म्हणायची सोयच नाही. आणि हे तुला पक्कं ठाऊक आहे. सरकारची बंदी उठली, पाठोपाठ ताईचीही उठली, मग पोटभर जेवायचं आणि मोकळ्या मनाने परत जायचं. इतकं सोपं नाही रे ते.

आईने तुला माफ केलं होतं. ती आई होती. मी नाही.

म्हणून स्पष्टच लिहिते, ईदला येऊ नकोस. पाहुणेरावळे गेले की ये. मी रोज गरम वाढीन, किनानला कुशीत घेऊन झोपेन, तुला आईच्या कबरीवर नेईन. फक्त माझ्यापुढे गुडघे टेकू नकोस. रीत म्हणून मागितलेली माफी मला द्यायची नाही. आणि मनापासून मागितलीस, तर ती द्यायची ताकद अजून माझ्यात आलेली नाही. कधी येईल, मलाही ठाऊक नाही.

थोरल्यांनी पत्राखाली आशीर्वाद लिहायचा असतो. आज माझ्याच्याने लिहवत नाही.

तुझी थोरली बहीण,
वुर्यानी