अम्मीचा हात

घाटंजी,
ईदनंतरचा तिसरा दिवस

प्रिय नाहिद आपा,

मराठीत लिहिते आहे, कारण आदिलाबादला तुझ्या सासरी मराठी वाचणारं तुझ्याशिवाय कुणी नाही. फोन केला असता, पण तुझा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि सासूबाई शेजारी असतात. साजिदच्या हाताखालचा रिजवान उद्या गॅरेजच्या पार्टसाठी तिकडे येतो आहे, त्याच्या हाती हे पाकीट देते. त्याला यातलं काही माहीत नाही. तू आधी दार लाव, मग वाच. घरी सगळे ठीक आहेत. गोष्ट हातांची आहे. माझ्या, अम्मीच्या, आणि आणखी एका हाताची.

यंदा रमजानच्या आधी खेचगोळी केली. अम्मी गेल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा. साजिदने किसनरावांचा ट्रॅक्टर दुरुस्त करून दिला, तर त्यांनी बागेतली मृग बहाराची संत्री पाठवली. आंबट होती, म्हणजे खेचगोळीला बरोबर. रस गाळला, आटवला, साखर घातली, एक लिंबू पिळलं. साल किसून घातली, पांढरा भाग येऊ न देता. थेंब गार पाण्यात टाकून बोटांत धरला. दबला पाहिजे, मोडता कामा नये. मग तूप लावलेल्या परातीत ओतलं. पुढचं तुला माहीत आहे. कडा लवकर गार होतात आणि मध्ये निखारा असतो. गार होईपर्यंत थांबलं तर गोळी दातांखाली फुटते, चघळता येत नाही. गरम असतानाच खेचावी लागते, दोघांनी, दोन टोकांनी, केशरी रंग फिका होऊन त्यावर रेशमाची चकाकी येईपर्यंत.

अम्मी तो गोळा सहज उचलायची. आपण फुंकर घालत असायचो तेव्हा तिचा पहिला पीळ देऊन झालेला असायचा. दुसऱ्या टोकाला तू असायचीस. तू ओरडायचीस, टोक सोडायचीस, हात माठात बुडवायचीस. अम्मी म्हणायची, "मेरी बडी तो कांच की है." सगळे हसायचे. मी सगळ्यांत जास्त. मग तुझ्या जागी मी बसायचे. माझाही हात पोळायचा, आपा. हे तुला कधी सांगितलं नाही. मी दात आवळून धरायचे, अम्मीने मला तुझ्याहून चांगली म्हणावं म्हणून. पुढे तू परातीपाशी येणंच सोडलंस. उंबऱ्यात बसून नुसत्या गोळ्या कागदात गुंडाळायचीस, आमच्याकडे पाठ करून.

या वेळी दुसऱ्या टोकाला मैनाबाई होत्या, किसनरावांच्या. त्यांनी हात लावला आणि झटकला. "अवो माय, हात हाय का सांडशी? जोहराबीचाच हात आला तुले!" मी खेचत राहिले. उजव्या हाताला ऊब जाणवत होती, पण लांबून. शेजारच्या घरात चूल पेटलेली असावी तशी. मी मैनाबाईंचं टोकही मागून घेतलं आणि एकटीने दोन्ही हातांनी खेचलं. डावा हात पोळला, उजवा नाही. मला वाटलं, उजवा शेवटी तयार झाला. त्या संध्याकाळी मी फार खूश होते.

सकाळी मी भांडी घासत होते. साजिदने माझा हात धरला आणि उलटा केला. करंगळीखाली तळव्याच्या कडेला बोराएवढा फोड होता, फुटलेला. त्याच्यावर मी राख घासत होते. साजिद म्हणाला, वीस वर्षं झाली इंजिनं खोलतो, सायलेन्सरला बोट लागलं की अजून शिवी निघते तोंडातून. तुला कळलं कसं नाही? मी म्हटलं, अम्मीचा हात आहे. तो हसला नाही. त्याच दिवशी आम्ही एसटीने यवतमाळला गेलो.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर माझ्याहून लहान होती. तिने माझा हात टेबलावर ठेवला. म्हणाली, डोळे मिटा, मी पेन टेकवते, जिथे लागेल तिथे बोट ठेवा. मी डोळे मिटले. बराच वेळ तशीच बसले. पंख्याचा आवाज येत होता. शेवटी मीच म्हटलं, "मॅडम, करा सुरू." ती म्हणाली, "ताई, सात ठिकाणी टेकवलं." मी डोळे उघडले. हातावर निळे ठिपके होते. करंगळीपासून मनगटापर्यंत, सात. मी ते मोजले, आपा. पुन्हा मोजले. माझ्याच हातावर कुणीतरी लिहून गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. कोपरावर एक फिकट चट्टा होता, तो मी साबणाचा समजत होते. तिने तो पाहिला, कोपराची शीर चाचपली आणि नाव सांगितलं. आवाज न बदलता, सर्दीचं सांगावं तसं. कुष्ठरोग.

वर्षभर गोळ्या आहेत. फुकट मिळतात. बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही. हाताची जाणीव परत येईल की नाही, ते आत्ता सांगता येत नाही. हे सगळं तिने नीट सांगितलं, मी नुसती मान हलवली. मग तिने विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का? आणि मी सवयीने, ताठ होऊन म्हटलं, "माझ्या अम्मीला तर कधीच चटका लागत नव्हता."

बोलून झाल्यावर ते मला ऐकू आलं. तिची वाकडी करंगळी आठवली. खेचगोळी पिळून पिळून वाकली, असं आपण सांगत होतो. मनगटावरचे डाग. बाजारात तिच्या पायातली चप्पल निघून जायची आणि तिला घरी आल्यावर कळायचं, त्यावर आपण किती हसलो. डॉक्टर म्हणाली, गेलेल्या माणसाची तपासणी होत नाही, खात्रीने सांगता येणार नाही. पण मला आता दुसरं काही दिसत नाही. तिच्या हातात गरम गोळा द्यायचो आणि टाळ्या वाजवायचो, आपणच. घरी आल्यावर साजिदने चहा केला. माझा अर्धा राहिला, तो त्याने उचलून पिऊन टाकला. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्याने आजवर कुणाचा उष्टा चहा प्यालेला नाही. मग तोंड फिरवून गॅरेजला गेला.

आता का लिहिते आहे ते. ईदच्या दिवशी फोनवर तू हसत सांगितलंस, तरन्नुम अकरा वर्षांची झाली आणि तव्यावरची रोटी हाताने उलटते, चिमटा घेत नाही, नानीचा हात आला पोरीला. मागे तुझ्या घरचे वाहवा करत होते. मी फोन साजिदला दिला आणि मोरीत जाऊन बसले. ती सात वर्षांची होईपर्यंत दर उन्हाळ्यात अम्मीच्या कुशीत झोपली आहे. आपा, आज तिला समोर बसव. डोळे मिटायला सांग. पेन हळू टेकव आणि विचार, कुठे? कदाचित तिला सगळं लागत असेल आणि ती दात आवळून धरत असेल, मी धरायचे तशी, तुमची वाहवा मिळावी म्हणून. पण एकही जागा चुकली तर उद्याची बस पकड. नाही चुकली तरी या आठवड्यात दोघी या, तपासणी तुमचीही व्हायलाच हवी. मी स्टँडवर येते. आणि तिने प्रत्येक ठिपका ओळखला, तर तिला सांग, तिचा हात तुझ्यावर गेला आहे.

तुझीच,
गझाला